गाडीतला आवाज कमी आहे

“वरनं काय बी दिसाया नको म्हणले, तसं केलं. आता म्हणत्यात, आवाजच येत न्हाय. टपावर भोंगा बांधू का आता?”

मिस्त्री डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडला होता, त्यामुळे त्याला मी दिसत नव्हते. त्याचा धाकटा भाऊ पुढच्या दाराशी उकिडवा बसून दाराचं आतलं कव्हर सोडवत होता. तो हसला, आणि हसता हसताच त्याची नजर गाडीच्या आरशात गेली. आरशात मी होते. त्यानं मिस्त्रीच्या गुडघ्यावर चापट मारली.

“मागं ताई हायेत की.”

मिस्त्री सरपटत बाहेर आला. “ताई, तुमच्या पप्पांना न्हाय म्हणलो हां मी. ह्या डेकला म्हणलो. कंपनीचा डेक लई फुसका.”

“हो,” मी म्हणाले.

डेक फुसका नव्हता. ते त्यालाही माहीत होतं, मलाही. पण त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. शनिवार होता. सोमवारी मला पुण्यात असायला हवं होतं, आणि ज्यांना हे सांगायचं ते पप्पा शेडच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीत, ओळखीच्या एका खतवाल्या दुकानदाराबरोबर चहा पीत बसले होते. बारामतीत इंदापूर रस्त्याच्या कडेला, टायरवाल्याच्या शेजारी ती पत्र्याची शेड होती. आमची नवी गाडी तिथं तिसऱ्यांदा उघडी पडली होती.

आम्ही इंदापूरला राहायचो. पप्पांचं तिथं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. माल आणायला, बँकेत, ओळखीपाळखीच्या कामांना बारामतीला यावं लागे. मी दहावीपर्यंत पाचगणीच्या इंग्रजी शाळेत होते, हॉस्टेलवर. तिथं मोठ्यानं बोलणाऱ्या मुलीला व्हरांड्यात उभं करत. मला कधी उभं केलं नाही. पुढे बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, तेव्हाही प्रॅक्टिकलच्या सरांना माझं उत्तर ऐकायला वाकावं लागायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा पप्पांनी ती गाडी घेतली. पांढरी, एसीची, कॅसेटचा डेक आणि दारांमधले स्पीकर कंपनीनंच बसवून दिलेले. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी कितीतरी महिने काढू दिलं नव्हतं. उन्हात ते पाठीला चिकटायचं. गाडीवर त्यांचा फार जीव होता, आणि त्याच गाडीच्या आवाजावर त्यांची तक्रार सुरू झाली.

त्याआधी तक्रार दुकानातल्या फोनची होती. लाइनमध्ये खरखर आहे म्हणून फोन बदलला. मग टीव्ही. मग दारावरची बेल: जुनी चिवचिवायची, ती काढून शाळेच्या घंटेसारखी कर्कश बेल लावली, तिच्या आवाजानं शेजारच्यांचं बाळ दचकून उठायचं. वस्तू बदलली की थोडे दिवस पप्पा खूश असत. मग पुन्हा त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव यायचा. काहीतरी आपल्याला न सांगता चाललंय, असा.

घरात कोणी काही म्हणालं नाही. आईनं एवढंच केलं की ती त्यांच्याशी बोलायची थांबली आणि माझ्यामार्फत बोलायला लागली. पप्पा समोर जेवत असायचे आणि ती मला म्हणायची, “विचार त्यांना, बावड्याला मामाकडं कधी जायचं.” मी आवाज जाड करून विचारायचे. पुरुषांचे जाड आवाज त्यांना बरेचसे येत, उरलेलं ते ओठांवरून जुळवत. बायकांचे, लहान मुलांचे, आणि माझा खरा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसे.

दुकानात याचा भलताच अर्थ लागला. पप्पा समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघत, उत्तर द्यायला वेळ लावत आणि थोडक्यात बोलत. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, “तात्या लई विचार करून बोलत्यात.” त्यांचा मान वाढला. भावकीतली भांडणं मिटवायला लोक त्यांना बोलवायला लागले.

कॉलेज संपल्यावर मी त्यांच्याबरोबर सगळीकडं जायला लागले. म्हणजे ते नेत. “चल गं, गाडीत सोबत हुईल.” बँकेत, गोडाऊनला, मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडं. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहायचे. कोणी काही विचारलं की ते माझ्याकडे बघत, आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचे, जाड आवाजात. “पप्पा, तीनची मोटार पाहिजे की पाचची, असं विचारतायत.” लोक कौतुक करत. “पोरगी तयार केली बरं का तात्या. गादीवर बसवा आता हिलाच.” पप्पांच्या मिशा हलत.

अनोळखी माणसाशी बोलायला लागू नये म्हणून मी एरवी रस्ता ओलांडून जायचे. आणि दिवसभर मी दोन माणसांच्या मधे उभी राहून बोलत होते. त्यात माझं वाक्य एकही नसायचं.

गाडीचा आवाज वाढवायचं ठरलं तेव्हा पप्पांची एकच अट होती. “गाडी कंपनीची हाय, कंपनीचीच दिसली पायजे. आत बसणाऱ्याला कळता कामा न्हाय, आपण कायतरी केलंय म्हणून.” बारामतीत तेव्हा हौशी पोरं मागच्या काचेखाली भले मोठे स्पीकर बसवून, डॅशबोर्डवर निळे दिवे लावून फिरत. पप्पांना ते नको होतं, हे मिस्त्रीला पटलं. त्याला वाटलं, रसिक माणूस आहे. त्यानं छातीवर हात ठेवला. “तात्या, कंपनीच्या वायरीला ब्लेड लावणार न्हाय. एक भोक पाडणार न्हाय. उद्या गाडी शोरूमला नेली तर त्येंना बी कळायचं न्हाय.”

काम मात्र त्यानं सुंदर केलं. दारांची कव्हरं आतल्या क्लिपा न मोडता काढली. कंपनीच्या जाळ्यांमागचे कागदी स्पीकर काढून तिथं चांगले बसवले. डेक तोच ठेवला. ॲम्प्लिफायर ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवला आणि वायरी मॅटखालून नेल्या. सगळं परत लावल्यावर गाडी आधी होती तशीच दिसली. मग त्यानं कॅसेट घातली आणि मला मागं बसवलं.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तबला माझ्या बरगड्यांत वाजत होता. समोरच्या हॉटेलातला पोऱ्या फडकं हातात धरून बघत राहिला.

पप्पा पुढच्या सीटवर बसले होते. ते म्हणाले, “फरक काय पडला?”

मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग खतवाल्याकडे. तो पहिल्या दिवशीही तिथं होता. त्याचं दुकान दोन गाळे सोडून होतं आणि त्याला कायम वेळ असे. मिस्त्रीनं बटण आणखी फिरवलं.

“आता?”

“कमीच हाय.”

“व्हय तात्या,” मिस्त्री गाण्याच्या वर ओरडून म्हणाला, “कमीच हाय जरा! तुमचं बरूबर हाय!”

“मला बी कमीच वाटतोय!” खतवाला कानात बोट घालून ओरडला.

आवाज कमी आहे हे सांगायला त्या दोघांना बेंबीच्या देठापासून ओरडावं लागत होतं. मी मागं बसून ते बघत होते. मला हसू यायला हवं होतं. पण भीती वाटली, कारण मला कळलं की हे थांबणार नाही. तात्या म्हणतात आवाज कमी आहे, म्हणजे आवाज कमी आहे. मिस्त्री ॲम्प्लिफायर बदलेल, स्पीकर बदलेल, गाडी पुन्हा पुन्हा सोलेल, पण “तुम्हाला ऐकू येत नाही” हे वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर म्हणणार नाही. त्याच्या कामाला नावं ठेवली तरी नाही.

दुसऱ्या खेपेला पप्पांनी स्वतःची एक कॅसेट आणली. त्यांच्या आवडीचं एक जुनं गाणं होतं, सुरुवातीला लांबलचक बासरी होती त्यात. पप्पा म्हणाले, “ह्यातली बासरी गेलीय. पयली यायची. कॅसेट कंपनीनं कापली का काय कळंना.”

“बासरी पायजे ना?” मिस्त्री उत्साहात आला. “बासरी म्हंजे ट्वीटरचं काम. एवढाएवढासा स्पीकर आस्तोय, सुपारीएवढा. जाळीच्या मागंच बसवतो. बासरी डायरेक कानात शिरंल.”

त्यानं बसवले. गाणं लावलं. बासरी इतकी स्पष्ट आली की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू आला. मी पुढं पप्पांच्या शेजारी बसले होते. ते डेककडे बघत होते, मान थोडी वाकडी करून, जसे ते बिघडलेल्या मोटारीपाशी उभे राहत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आली का?”

“आली,” मी म्हणाले.

“हं. आली,” ते मिस्त्रीला म्हणाले. “आता बरूबर.”

परत जाताना त्यांनी ती कॅसेट लावली, पूर्ण आवाजात. काचा बंद, एसी चालू. काच खाली केली तर बाहेर आवाज जाईल आणि लोक बघतील, म्हणून काच खाली करायची नाही. लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, गावांमागून गावं, सगळा रस्ता मी खिडकीला टेकून डुलकी लागल्यासारखं केलं आणि एक कान तळहातानं झाकून ठेवला. दुसरा त्यांच्या बाजूला होता. तो झाकता येत नव्हता. अंगावर कोणी पत्र्याचे डबे ओतावेत तसं होत होतं. दार माझ्या हाताशी होतं, पण चालत्या गाडीचं दार काय कामाचं.

निमगाव केतकीच्या अलीकडं त्यांनी डेक बंद केला.

“न्हाय आली,” ते म्हणाले. मला नाही, समोरच्या रस्त्याला.

माझ्या आवाजात मी काहीही म्हणाले असते तरी ते त्यांना गेलं नसतं, आणि ज्या आवाजात गेलं असतं त्या आवाजात बोलायला मी धजत नव्हते.

त्याच आठवड्यात मैत्रिणीचा पुण्याहून फोन आला. एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं होतं. सोमवारपर्यंत स्वतः हजर राहून प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा पुढच्याला. हॉस्टेलही मिळत होतं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

आईला सांगितलं. ती गव्हाचं पीठ चाळत होती. “जा की,” ती म्हणाली. चाळणी थांबली नाही. “पण त्यांना तूच सांग. मी सांगून त्यांच्यापर्यंत जात नाही.”

मी गाडीत सांगायचं ठरवलं. गाडीत समोर बघून बोलता येतं, तोंडाकडे बघावं लागत नाही. एका सकाळी बारामतीला येताना, वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवून मग मराठीत आणून, मी म्हणाले, “पप्पा, माझा पुण्याला एम.एस्सी.ला नंबर लागलाय. हॉस्टेल पण मिळतंय. मी जाऊ ना?”

“हं,” पप्पा म्हणाले.

इतकं सोपं निघालं ते. मला उसाची शेतं, रस्त्यावरचे खड्डे, सगळं एकदम आवडायला लागलं. त्या संध्याकाळी मी माळ्यावरची हॉस्टेलची बॅग काढली, पुसली, दोन ड्रेस आत ठेवले. सकाळी पप्पांनी ती पाहिली आणि आईला विचारलं, “ही बॅग कशापायी काढली? कुठं जायचंय?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी पप्पांकडं. ते खरोखरच विचारत होते. मी बॅगेची चेन लावली आणि म्हणाले, “साफ करायला काढलीय.” तेही त्यांना ऐकू गेलं नसावं. ते “हं” म्हणाले.

मोठ्यानं सांगणं काही अवघड नव्हतं, असं आज कुणालाही वाटेल. पण मोठ्यानं सांगायचं म्हणजे हळू सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही, हे आधी कबूल करायचं. आणि ते कबूल केलं की हेही कबूल करावं लागणार, की मी त्यांच्या शेजारी सोबतीला नाही, दुसऱ्याच कामाला बसते. फोन बदलला, टीव्ही बदलला, बेल बदलली; त्यांच्यापुढची एकच गोष्ट नीट चालत होती, ती मी होते. मी पुण्याला गेले की बँकेत ते कोणाकडे बघणार?

शुक्रवारी रात्री जेवताना ते म्हणाले, “उद्या बारामतीला. त्या मिस्त्रीला धरतो आता.”

म्हणून शनिवारी आम्ही शेडमध्ये होतो आणि मिस्त्री टपावर भोंगा बांधायच्या गोष्टी करत होता.

त्यानं दाराचं कव्हर परत बसवलं, कॅसेट बारीक आवाजात चालू ठेवली, हात पुसले आणि पप्पांच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. “तात्या, आता एकच इलाज. डॅशबोर्डवर भोकं पाडून मोठं ट्वीटर वरच बसवायचं. डायरेक तोंडावर.”

पप्पांनी त्याच्या ओठांकडे बघितलं. “भोक न्हाय पाडायचं. गाडी कंपनीची दिसली पायजे.”

“दिसली पायजे, व्हय. पन मग आवाज कुठनं आणू मी?”

“तात्या,” खतवाला म्हणाला, “ह्येच्यापेक्षा बँडवालं चार मागं बसवून आना की. वरनं काय दिसायचं बी न्हाय, पावनं म्हनून खपत्याल.”

मिस्त्रीचा भाऊ फिसकन हसला. पप्पाही हसले, एक क्षण उशिरा, बाकीचे हसले म्हणून. मला ते हसू ओळखीचं होतं. ते हसू बघवत नसे.

मिस्त्री हसला नाही. त्याचं काम तीनदा नापास झालं होतं. तो माझ्याकडे वळला. “ताई, तुमी शिकल्यालं हाय. तुमी मागं बसला व्हता, पुढं बसला व्हता. तुमीच सांगा, आवाज कसा हाय?”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं. आणि मी काय केलं, तर आवाज जाड करून म्हणाले, “पप्पा, आवाज कसा आहे, असं विचारतायत.”

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला.

“कमी हाय म्हणून सांगितलं की,” पप्पा म्हणाले. मग त्यांनी चहाचा ग्लास खुर्चीखाली ठेवला. त्यांचं ठरलं होतं. “आसं कर. गाडी ठेव हितंच. पुण्यावरनं मोठा ॲम्प्लिफायर मागव. आमी एष्टीनं जातो. सोमवारी सकाळी मी आन ही येतो. दिवसभर बसू हितंच. हिच्या कानाला बरूबर कळतंय.”

“सोमवारी मला जमणार नाही,” मी म्हणाले.

माझ्याच आवाजात म्हणाले होते. मिस्त्रीला ऐकू गेलं, त्याच्या भावाला गेलं, खतवाल्याला गेलं. खतवाल्यानं ग्लासात बघितलं. मिस्त्रीच्या भावानं पाना उचलला आणि परत होता तिथं ठेवला. तिघांनीही ऐकलं आणि तिघांतल्या एकानंही ते पप्पांना सांगितलं नाही. मी रोज सगळ्यांचं त्यांना सांगत होते. माझं सांगायला तिथं कोणी नव्हतं.

“चल,” पप्पा उठले. “एष्टी चुकंल.” गाडीची किल्ली त्यांनी मिस्त्रीकडेच राहू दिली.

गाडीत कॅसेट अजून चालू होती. मिस्त्रीनं वाकून डेक बंद केला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तोही लांब जाईपर्यंत मी थांबले. पप्पा चार पावलं पुढे गेले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की त्यांना माझ्या तोंडाकडे बघावंच लागलं. किती मोठा आवाज लागतो याचा मला अंदाज नव्हता, त्यामुळे होता तेवढा सगळा काढला. हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली ते मला दिसलं.

“पप्पा, गाडीला काही झालेलं नाही! तुम्हाला ऐकू येत नाही! आणि सोमवारी मी इथं येणार नाही, मी पुण्याला शिकायला जाणार आहे!”